एका राज्यघटनेची दोन कलमे

टेक्सासमधील निवडणुकांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: तिथे पिस्तुलाचा परवाना दाखवून मत देता येते, पण विद्यापीठाचे ओळखपत्र दाखवून देता येत नाही. वाक्य खरे आहे. २०११ साली तिथल्या विधिमंडळाने मंजूर केलेल्या ‘सिनेट बिल १४’ या कायद्याने मतदान केंद्रावर चालणाऱ्या ओळखपत्रांची एक छोटी यादी ठरवली. वाहनपरवाना, राज्याचे ओळखपत्र, पासपोर्ट, सैन्यदलाचे ओळखपत्र, छायाचित्र असलेले नागरिकत्वाचे प्रमाणपत्र आणि दडवून पिस्तूल बाळगण्याचा परवाना यांना तीत जागा मिळाली. सरकारी विद्यापीठाने दिलेले विद्यार्थ्याचे कार्ड मात्र बाहेर राहिले. यावर दुसऱ्या बाजूचे उत्तरही ठरलेले आहे. कायदा आल्यानंतर मतदान घटले नाही, उलट वाढले, मग अन्याय कुठे झाला? गेली कित्येक वर्षे हा वाद या दोन वाक्यांत अडकून पडला आहे आणि माझ्या मते दोन्ही बाजू तो चुकीच्या जागी लढत आहेत. पहिली बाजू सगळा दोष एका कार्डावर टाकते, तर दुसरी बाजू केंद्रापर्यंत पोचलेल्यांची संख्या सांगून न पोचलेल्यांचा प्रश्न मिटवते. खरा प्रश्न याहून जुना आणि याहून सोपा आहे. नागरिक आणि राज्य यांच्यात अविश्वास निर्माण झाला, तर तो योग्य आहे की अयोग्य हे सिद्ध करण्याचा भार कोणावर असावा? टेक्सासने बंदुकीच्या बाबतीत हा भार राज्यावर टाकला आहे आणि मताच्या बाबतीत नागरिकावर. ही विषम वागणूक त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेशीही जुळत नाही.

टेक्सासची आजही लागू असलेली राज्यघटना १८७६ सालची आहे. तिच्या पहिल्या प्रकरणाच्या २३व्या कलमात प्रत्येक नागरिकाला स्वतःच्या किंवा राज्याच्या कायदेशीर रक्षणासाठी शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला आहे. पण त्याच वाक्याच्या उत्तरार्धात, गुन्हे रोखण्याच्या हेतूने शस्त्रे अंगावर बाळगण्यावर नियमन करण्याचा अधिकार विधिमंडळाला स्पष्ट शब्दांत दिला आहे. सहाव्या प्रकरणाच्या चौथ्या कलमात मतदानातील लबाडी शोधून तिला शिक्षा करण्यासाठी आणि मतपेटीची ‘शुद्धता’ राखण्यासाठी नियम करण्याचा अधिकार त्याच विधिमंडळाला दिला आहे. म्हणजे हक्क दोन आहेत आणि त्यांवर मर्यादा घालण्याचे अधिकारही दोन, एकाच दिवशी, एकाच कागदावर लिहिलेले. गेल्या तीस वर्षांत यातला पहिला अधिकार विधिमंडळाने टप्प्याटप्प्याने सोडून दिला आणि दुसरा अधिवेशनागणिक अधिक धारदार केला. असे करण्यास त्याला मनाई नाही. पण एका अधिकाराचा त्याग ‘स्वातंत्र्य’ आणि दुसऱ्याचा वापर ‘दक्षता’ म्हणून सांगितला जातो, तेव्हा दोन्ही ठिकाणी धोक्याचा पुरावा किती होता, हे विचारण्याचा अधिकार नागरिकाला राहतो.

इतिहासात हे दोन प्रश्न वेगळे नव्हतेच. अमेरिकेच्या यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना मताचा हक्क मिळाला आणि तो बजावायला जाणाऱ्यांना बंदुकीच्या धाकाने परत पाठवण्याचे प्रकार दक्षिणेत सर्रास होऊ लागले. त्या काळात, १८७० मध्ये, टेक्सासच्या विधिमंडळाने मतदानाच्या दिवशी मतदान केंद्रापासून अर्ध्या मैलाच्या आत शस्त्र नेण्यास बंदी घातली आणि १८७१ मध्ये पिस्तूल अंगावर बाळगण्यावरच कडक निर्बंध आणले. पुढच्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. बंदुका दूर ठेवल्याशिवाय मत निर्भयपणे देता येत नाही, एवढा साधा विचार त्यामागे होता. आपल्याकडे निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याची जी पद्धत आहे, तिच्यामागेही हाच विचार आहे. टेक्सासमध्ये युद्धानंतरचा पुनर्रचनेचा काळ संपला आणि सत्ता पूर्वीच्याच वर्गाच्या हाती गेली, तेव्हा पिस्तुलावरचे निर्बंध कागदावर राहिले. मताभोवतीचे कुंपण मात्र वाढत गेले. १९०२ मध्ये मतदानासाठी कर बसवला गेला. दीड-पावणेदोन डॉलर ही रक्कम आज किरकोळ वाटते, पण कापसाच्या शेतात राबणाऱ्या मजुराला ती काही दिवसांच्या कमाईइतकी होती. डेमोक्रॅटिक पक्षाने आपली प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, फक्त गोऱ्यांपुरती ठेवली. त्या एकपक्षीय राज्यात खरा निकाल प्राथमिक निवडणुकीतच लागत असल्याने नोव्हेंबरमधील मताला अर्थ उरत नव्हता. एल पासोतील एक डॉक्टर आणि ह्यूस्टनमधील एक दंतवैद्य यांनी त्याविरुद्ध खटले लढवले आणि १९४४ मध्ये नागरी हक्कांचे वकील थर्गुड मार्शल यांच्या युक्तिवादानंतर ती पद्धत मोडली. १९६६ मध्ये मतदान कर गेला, तर राज्याने दरवर्षी नव्याने नाव नोंदवण्याची सक्ती आणली. ती न्यायालयाने १९७१ मध्ये रद्द केली. त्याच सुमारास अठरा वर्षांच्या तरुणांना मताधिकार मिळाला, तेव्हा वॉलर काउंटीतील (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) नोंदणी अधिकाऱ्याने प्रेअरी व्ह्यू या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठातील विद्यार्थ्यांपुढे वेगळी प्रश्नावली ठेवली. इथे घर घेणार आहात का, शिक्षणानंतर इथेच राहणार का, अशी उत्तरे दिल्याशिवाय त्यांना मतदार मानले जात नव्हते. हा प्रकार थांबवायला १९७९ मध्ये थेट वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यावा लागला. विद्यार्थ्याच्या कार्डाला यादीत जागा न मिळणे ही गोष्ट या राज्यात २०११ साली पहिल्यांदा घडलेली नाही, हे लक्षात घेतल्याशिवाय त्या यादीचा अर्थ लागत नाही.

आता विरोधी बाजूचे म्हणणे त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडले पाहिजे. ओळखपत्र मागणे हा गुन्हा नव्हे. डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिन या भागांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत मला हा मुद्दा वारंवार ऐकायला मिळतो: भारतात झोपडपट्टीतला मतदारही ओळखपत्र घेऊन रांगेत उभा राहतो, मग अमेरिकेत त्याचा एवढा गवगवा का? मुद्दा वजनदार आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो. आपल्याकडे छायाचित्र असलेले मतदार ओळखपत्र १९९३ मध्ये आले, ते टी. एन. शेषन यांच्या आग्रहाने. १ जानेवारी १९९५ पर्यंत कार्डे दिली गेली नाहीत तर निवडणुका घेणार नाही, हा त्यांचा प्रसिद्ध इशारा मतदारांना नव्हे, सरकारांना होता. कार्ड काढून मतदाराच्या हाती देणे ही राज्याची जबाबदारी मानली गेली. ते जवळ नसेल तर छायाचित्र असलेले बँकेचे पासबुक, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, रोजगार हमीचे कार्ड अशी पर्यायांची लांब यादी आयोग दर निवडणुकीला जाहीर करतो. एकेकाळच्या याद्यांत शस्त्रपरवानाही होता आणि विद्यार्थ्याचे ओळखपत्रही. आपल्या मतदार याद्या निर्दोष आहेत असे नव्हे. नावे गळाल्याच्या तक्रारी महाराष्ट्रात प्रत्येक निवडणुकीत होतात आणि त्या खऱ्या असतात. पण मतदाराला शोधत जाणे हे यंत्रणेचे काम आहे, हे तत्त्व आपण मान्य केलेले आहे. टेक्सासने ओळखपत्राची अट घातली तेव्हा २५४ काउंट्यांपैकी सुमारे ८० काउंट्यांत वाहनपरवान्याचे चालू कार्यालयच नव्हते. मतदानापुरते मोफत प्रमाणपत्र ठेवले होते, पण ते मिळवायला लागणारा जन्मदाखला सुरुवातीला विकतच घ्यावा लागत होता. एका वृद्ध स्त्रीने न्यायालयात साक्ष दिली की दुसऱ्या राज्यातून जन्मदाखला मागवायला ४२ डॉलर लागत होते आणि ते पैसे तिला घरखर्चासाठी हवे होते, कारण दाखला काही खाता येत नाही. भारताचे उदाहरण द्यायचे असेल तर त्याची ही बाजूही सोबत द्यावी.

दुसरा आक्षेप असा, की पिस्तुलाचा परवाना हा खरोखरच विद्यापीठाच्या कार्डापेक्षा भक्कम पुरावा आहे. परवानाधारकाच्या बोटांचे ठसे घेतले जातात, त्याची पार्श्वभूमी तपासली जाते, त्याला प्रशिक्षण आणि नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. विद्यार्थ्याच्या कार्डामागे अशी छाननी नसते. हे मला मान्य आहे. पण ओळखपत्राने किती बळकट कुलूप लावायचे हे चोरीच्या भीतीवर ठरते, आणि इथे भीती कशाची होती? दुसऱ्याच्या नावाने प्रत्यक्ष केंद्रावर येऊन मत देण्याची. संघराज्याच्या अपील न्यायालयाने २०१६ मध्ये नोंदवले, की कायद्याआधीच्या दशकात टेक्सासमध्ये सुमारे दोन कोटी मते पडली आणि अशा तोतयेगिरीबद्दल दोघांना शिक्षा झाली. याउलट, चालतील अशी ओळखपत्रे नसलेल्या नोंदणीकृत मतदारांची संख्या जिल्हा न्यायालयाने २०१४ मध्ये सहा लाखांहून अधिक मानली होती. दोन गुन्हेगारांसाठी सहा लाख लोकांनी कागद जमवायचे, हे प्रमाण बंदुकीच्या कोणत्याही कायद्यात कोणी सुचवले असते तर टेक्सासच्या विधिमंडळात काय प्रतिक्रिया उमटली असती? इथे टीकाकारांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या खटल्यामुळे कायदा सौम्य झाला. २०१७ मध्ये मंजूर झालेल्या दुरुस्तीनुसार, यादीतले ओळखपत्र मिळवण्यात खरी अडचण असलेला मतदार शपथपत्र भरून आणि पत्त्याचा दुसरा कागद दाखवून मत देऊ शकतो. त्यामुळे आजही केवळ कार्डांच्या यादीवर बोट ठेवून बोलणारे दहा वर्षांपूर्वीची लढाई लढत आहेत, आणि ती लढण्याच्या नादात पुढचे कायदे त्यांच्या नजरेतून निसटत आहेत.

ते पुढचे कायदे २०२१ चे. त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला टेक्सासमध्ये परवान्याविना पिस्तूल बाळगण्याची मुभा अमलात आली. ज्याला कायद्याने शस्त्र बाळगण्यास अपात्र ठरवलेले नाही अशा प्रौढाला आता प्रशिक्षण, ठसे, परीक्षा यांपैकी कशाचीच गरज उरली नाही. सहा दिवसांनी, ७ सप्टेंबरला, गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी ‘सिनेट बिल १’ या निवडणूक कायद्यावर सही केली. या दोन कायद्यांमागची कारणे शेजारी ठेवून पाहावीत, असे माझे म्हणणे आहे. परवान्याची पद्धत १९९५ मध्ये आली तेव्हापासून तिचे समर्थक एक आकडेवारी अभिमानाने पुढे करत आले: परवानाधारकांचा गुन्ह्यांतील वाटा अत्यल्प आहे. राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाचे वार्षिक अहवाल हेच दाखवतात आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण हा पुरावा परवाना पद्धत यशस्वी असल्याचा आहे. ती काढून टाकण्यासाठी तो कसा वापरता येईल? मतदानाबाबत मात्र २०२० ची निवडणूक सुरळीत आणि सुरक्षित झाली असे राज्याच्याच निवडणूक यंत्रणेने सांगूनही नियम कडक करण्यात आले. एका ठिकाणी पद्धत चांगली चालली म्हणून ती अनावश्यक ठरली, दुसऱ्या ठिकाणी पद्धत चांगली चालली तरी ती संशयास्पद ठरली.

मतदान वाढले या मुद्द्याचेही उत्तर याच कायद्यात आहे. टेक्सासमध्ये नोंदणीकृत मतदारांपैकी २०१४ मध्ये सुमारे ३४ टक्के, २०१८ मध्ये ५३ टक्के आणि २०२० मध्ये जवळपास ६७ टक्के लोकांनी मत दिले. ही वाढ मोठी आहे आणि ओळखपत्राच्या सक्तीने मतदान कोसळेल असे भाकीत करणाऱ्यांनी ते चुकले हे कबूल करावे. पण २०२० मध्ये हे लोक कसे आले, हेही पाहावे. ४७ लाख लोकवस्तीच्या हॅरिस काउंटीने, म्हणजे ह्यूस्टन शहर जिच्यात आहे तिने, महासाथीच्या काळात गाडीत बसून मत देण्याची सोय केली. तिचा लाभ सव्वा लाखाहून अधिक मतदारांनी घेतला. रात्रपाळीच्या परिचारिका, तेलशुद्धीकरण कारखान्यांतले कामगार यांच्यासाठी काही केंद्रे एक रात्रभर उघडी ठेवली. ‘सिनेट बिल १’ ने या दोन्ही सोयींवर बंदी घातली. टपाली मतपत्रिकेसोबत ओळख क्रमांक लिहिण्याची नवी अट आली, तोही नोंदणीच्या वेळी दिलेल्या क्रमांकाशी जुळणारा. टेक्सासमध्ये टपाली मतदान मुख्यतः ६५ वर्षांवरील आणि अपंग मतदारांनाच करता येते. मार्च २०२२ च्या प्राथमिक निवडणुकीत अशा २४ हजारांहून अधिक मतपत्रिका, म्हणजे एकूण टपाली मतांच्या सुमारे बारा टक्के, नाकारल्या गेल्या. यांतले बहुतेक लोक वर्षानुवर्षे मत देत आलेले वृद्ध होते, आणि त्यांच्यावर लबाडीचा संशयही कोणी घेतला नव्हता. नोव्हेंबरपर्यंत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या खाली आले, हे खरे. पण ज्यांचे मार्चमधले मत बाद झाले त्यांना ते परत मिळाले नाही. एकूण टक्केवारी वाढली म्हणून हे नुकसान झालेच नाही असे म्हणणे, म्हणजे धरण भरले म्हणून गावातल्या कोरड्या नळाची तक्रार खोटी ठरवणे होय.

तिसरा आक्षेप घटनात्मक आहे आणि तो सर्वांत गंभीरही आहे. शस्त्र बाळगण्याचा हक्क अमेरिकेच्या घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत शब्दशः लिहिलेला आहे. २००८ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क असल्याचे ठणकावून सांगितले. मताचा हक्क मात्र त्या घटनेत तसा थेट दिलेला नाही. वंश, लिंग, कर, वय या कारणांवरून तो नाकारता येणार नाही, एवढेच दुरुस्त्या सांगतात. हा फरक मला नाकारायचा नाही. पण २०२२ च्या निकालातही, ठरावीक निकष पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला परवाना देणाऱ्या पद्धती अवैध ठरवलेल्या नाहीत, आणि टेक्सासची पद्धत नेमकी तशीच होती. शिवाय टेक्सासने ती त्या निकालाच्या एक वर्ष आधीच सोडली. ती सक्ती न्यायालयाची नव्हती, निवड विधिमंडळाची होती. या निवडीचा अर्थ एका छोट्या नियमातून सर्वांत स्पष्ट दिसतो. टेक्सासमध्ये नातेवाईक नसलेल्या शेजाऱ्याचा भरलेला मतदार नोंदणीचा अर्ज घेऊन तो कार्यालयात पोचवायचा असेल, तर तुम्हाला काउंटीकडून ‘स्वयंसेवक उपनिबंधक’ म्हणून नेमणूक घ्यावी लागते. दुसऱ्या काउंटीतल्या माणसाचा अर्ज घ्यायचा तर तिथली नेमणूक वेगळी. प्रत्येक सम वर्षाच्या ३१ डिसेंबरला ती आपोआप संपते. अर्ज पाच दिवसांत पोचवला पाहिजे. नेमणुकीविना असे अर्ज गोळा करणे हा गुन्हा आहे. म्हणजे शेजाऱ्याचा कागद हातात घेण्यासाठी राज्याची संमती लागते आणि भरलेले पिस्तूल कमरेला लावण्यासाठी लागत नाही. यातल्या कोणत्या वस्तूने अधिक माणसे मारली आहेत, याचे उत्तर टेक्सासला शोधत बसावे लागत नाही: २०१७ मध्ये सदरलंड स्प्रिंग्जचे चर्च, २०१९ मध्ये एल पासोचे वॉलमार्ट, २०२२ मध्ये युवाल्डीची प्राथमिक शाळा, २०२३ मध्ये ॲलनचा मॉल. ॲलनमध्ये मारल्या गेलेल्या आठ जणांत भारतातून गेलेली एक तरुण अभियंताही होती. या हत्याकांडांत वापरलेली शस्त्रे बहुतांशी रायफली होत्या आणि पिस्तुलाचा परवाना त्यांना अडवू शकला नसता, हे बंदूक समर्थकांचे म्हणणे बरोबर आहे. पण माझा मुद्दा एखादा विशिष्ट नियम एखादी विशिष्ट हत्या थांबवतो का, हा नाही. धोका उघड्या डोळ्यांना दिसत असताना राज्य नागरिकावर विश्वास ठेवते आणि धोका दिसत नसताना ठेवत नाही, हा आहे.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि पुरोगामी मंडळी तो टाळतात म्हणून मी तो मुद्दाम मांडतो. सगळे मतदार आले असते तर टेक्सासचे बंदूक कायदे बदलले असते, असे गृहीत धरले जाते. याला आधार काय? युवाल्डीच्या शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्यानंतर सहा महिन्यांच्या आत झालेल्या निवडणुकीत खुद्द युवाल्डी काउंटीने ॲबट यांनाच स्पष्ट बहुमत दिले. मत न देणारा प्रत्येक माणूस मनातून बंदुकविरोधी असतो हा भ्रम आहे, आणि मताधिकाराची बाजू त्या भ्रमावर उभी करणे घातक आहे, कारण निकाल मनाजोगा लागला नाही की हक्काचे महत्त्वच ओसरते. उलट, मताची ताकद काय असते याचे टेक्सासमधील सर्वांत चांगले उदाहरण बंदूक समर्थकांनीच घालून दिले आहे. ऑक्टोबर १९९१ मध्ये किलीन शहरातील एका उपाहारगृहात २३ जणांची हत्या झाली. त्यांत सुझॅना हप यांचे आईवडील होते. कायदा मोडू नये म्हणून हप यांनी स्वतःचे पिस्तूल बाहेर गाडीत ठेवले होते. त्यांनी हे दुःख विधिमंडळासमोर मांडले. १९९३ मध्ये गव्हर्नर ॲन रिचर्ड्स यांनी पिस्तूल परवान्याचे विधेयक पुढे जाऊ दिले नाही. १९९४ मध्ये रिचर्ड्स हरल्या, जॉर्ज डब्ल्यू. बुश निवडून आले आणि १९९५ मध्ये त्यांनी कायद्यावर सही केली. १९९६ मध्ये हप स्वतः विधिमंडळात निवडून गेल्या. त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही, पण ज्या मार्गाने त्या गेल्या तो मार्ग लोकशाहीचा होता आणि तो त्यांच्यासाठी खुला होता. युवाल्डीचे पालकही त्याच मार्गाने निघाले. एका आईने २०२३ मध्ये शहराच्या महापौरपदासाठी निवडणूक लढवली आणि ती हरली. हरणे हाही त्या मार्गाचाच भाग आहे. माझी मागणी एवढीच आहे, की १९९१ च्या शोकग्रस्तांना जो रस्ता मिळाला तो २०२२ च्या शोकग्रस्तांनाही तितकाच रुंद मिळावा.

तो तितका रुंद राहिला आहे का? आज टेक्सासच्या बहुतेक मतदारसंघांत निकाल पुन्हा प्राथमिक निवडणुकीतच लागतो, फक्त आता पक्ष वेगळा आहे आणि कारण मतदारसंघांच्या सीमांची आखणी हे आहे. मार्च २०२२ च्या प्राथमिक निवडणुकांत दोन्ही पक्ष मिळून नोंदणीकृत मतदारांपैकी पाचातला एकही नीट आला नाही. आमदाराला ज्या मतदाराची भीती, त्याच्याच मताने कायदे होतात. अर्धस्वयंचलित रायफल विकत घेण्याचे वय १८ वरून २१ करावे, या मागणीला सर्वेक्षणांत टेक्सासच्या मतदारांचा बहुसंख्य पाठिंबा दिसत होता, आणि त्यात रिपब्लिकन मतदारही होते. युवाल्डीच्या हल्लेखोराने अठरावा वाढदिवस झाल्यावर काही दिवसांतच दोन रायफली कायदेशीरपणे विकत घेतल्या होत्या, त्यामुळे ही मागणी हवेतली नव्हती. ॲलनच्या हत्याकांडानंतर दोन दिवसांनी, ८ मे २०२३ रोजी, प्रतिनिधिगृहाच्या समितीने तसे विधेयक आठ विरुद्ध पाच मतांनी पुढे पाठवले. त्या आठांत दोन रिपब्लिकन सदस्य होते. युवाल्डीच्या पालकांनी त्यासाठी रात्री उशिरापर्यंत साक्षी दिल्या होत्या. मुदत संपण्यापूर्वी ते सभागृहाच्या कामकाजपत्रिकेवर घेतलेच गेले नाही आणि मतदानाविना संपले. त्याच अधिवेशनात ३५ लाखांहून अधिक लोकवस्तीच्या काउंट्यांमधील निवडणूक प्रशासकाचे पद रद्द करणारा कायदा मात्र वेळेत मंजूर झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ह्यूस्टनच्या काही केंद्रांवर मतपत्रिकांचा कागद संपला होता, हे त्याचे कारण सांगण्यात आले. एवढ्या लोकवस्तीची काउंटी टेक्सासमध्ये एकच आहे, हॅरिस.